मातुओ नुरबाइतींचं रक्त

प्रोफेसर झुलहेंद्री यांना एका बाईच्या स्तनातल्या गाठीत तीसहून जास्त म्युटेशन्स सापडली, त्या दिवशी सुमात्रातल्या पाडांगच्या वैद्यकीय महाविद्यालयात खाऊचे डबे वाटले गेले. सभागृहाच्या दारावर फलक लागला. त्यावरचा प्रोफेसरांचा फोटो दारापेक्षा थोडाच लहान होता, आणि गाठ जिची होती त्या बाईचं नाव मात्र शोधूनही सापडत नव्हतं. ती गेल्या वर्षी वारली होती. तिला आता फलकाचं काय कौतुक, असं आयोजकांना वाटलं असावं.

शेवटच्या रांगेत डॉ. देस्मावार्नी ऊर्फ देस बसली होती. महाविद्यालयाची जनुकांची प्रयोगशाळा ती चालवायची, म्हणजे कागदावर. प्रोफेसर आपले नमुने परस्पर सिंगापूरला पाठवून वाचून आणायचे, कारण देस प्रश्न विचारते अशी तिची ख्याती होती. तोंडाने फटकळ, नाक कायम वर. शिपायापासून डीनपर्यंत सगळे तिच्या लेखी बिनडोक, आणि पंचाईत अशी की बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघायचं. त्यामुळे तिला मैत्रिणी नव्हत्या. त्याचंही तिला फारसं काही वाटत नसे.

पडद्यावर तक्ता आला आणि प्रोफेसरांनी घसा साफ केला. पेशीत ऊर्जा तयार करणारे जे बारीक कण असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांची स्वतःची चिमूटभर जनुकं असतात आणि ती फक्त आईकडून येतात, हे त्यांनी असं सांगितलं की जणू स्वतःच ठरवून दिलं होतं. बापाचा त्यात छदामाचाही वाटा नाही. मिनांगकाबाऊ माणसाला हे समजायला महाविद्यालयात जावं लागत नाही. आमच्याकडे कूळ आईचं, घर आईचं, शेत आईचं. बाप म्हणजे बायकोच्या घरी राहायला आलेला पाहुणा. तरी सभागृहाने माना डोलावल्या. डबे अजून वाटायचे होते.

देसची मान हलली नाही. स्तनाच्या कर्करोगात या जनुकांमध्ये कधी कधी एखाददुसरा बदल सापडतो, हे तिला ठाऊक होतं. त्या बदलाने रोग होतो, की रोगामुळे तो बदल होतो, की तो नुसताच बाजूला उभा राहून गंमत बघतो, हे जगात अजून कुणाला धड सांगता येत नाही. पण एखाददुसरा. इथे एका गाठीत तीसच्या वर. तिने तक्त्यातले आकडे वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीवर तिला हसू आलं. ते सगळे तिच्या ओळखीचे होते. निरोगी बायकांच्या रक्तात पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या, आईच्या एका वंशाला दुसऱ्या वंशापासून वेगळं करणाऱ्या त्या खुणा होत्या. गाठ एका वंशातल्या बाईची आणि तुलनेला घेतलेलं रक्त दुसऱ्या वंशातल्या बाईचं. त्या बाईच्या आजाराशी या तक्त्याचा काडीचा संबंध नव्हता. एवढी ढोबळ चूक करायला माणूस प्रोफेसरच असावा लागतो, असं तिला मनापासून वाटलं.

तिने हात वर केला. प्रोफेसरांनी आधी तिच्या शेजारच्यांना, मग तिच्या मागच्या भिंतीला बोलायची संधी देऊन पाहिली आणि शेवटी म्हणाले, "बोला, बू देस." बू म्हणजे बाई.

"गाठीची तुलना कुणाच्या रक्ताशी केलीत, प्रोफ?"

"छान प्रश्न," प्रोफेसर म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र तसं म्हणत नव्हता. "रुग्णाच्या रक्ताची नळी फ्रीझरची वीज गेली तेव्हा खराब झाली. जावामधल्या एखाद्या प्रयोगशाळेने इथे हात टेकले असते. आपण मिनांग माणसं! आपल्याकडे आईचं कूळ शाबूत आहे. आम्ही रुग्णाच्या घरातल्या सगळ्यांत ज्येष्ठ बाईंचं रक्त घेतलं. हाजाह नुरबाइती. आई एक, म्हणजे रक्त एक."

टाळ्या पडल्या. देस मात्र खाली बसली. हाजाह नुरबाइती म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण, तिची मातुओ. आणि मग ती वारलेली बाई कोण हे सांगायची गरजच राहिली नाही. ती एर्मा होती, देसच्याच कुळातली, त्याच घराच्या मागच्या अंगणात राहणारी.

"आणि आता सर्वांत महत्त्वाचं," प्रोफेसर म्हणाले. "हेच्या हे सगळे बदल आम्हाला रुग्णाच्या मुलीच्या रक्तातही सापडले. म्हणजे धोका तिच्याही शरीरात बसलेला आहे. बुधवारी मी स्वतः तिचे दोन्ही स्तन काढणार आहे. प्रतिबंधक म्हणून. सुमात्रात अशा कारणासाठी हे पहिल्यांदाच होतंय."

पहिल्या रांगेतून एर्माची मुलगी विल्दा उठून उभी राहिली. पंचविशीची, अंगाने बारीक, डोक्यावर निळा ओढणीरुमाल, चेहरा पांढराफटक. लोकांनी तिचे फोटो काढले. मुलीत आईची जनुकं सापडली, हा ज्यांना शोध वाटतो त्यांच्या हातात सुरी आहे, हे देसच्या डोक्यात शिरलं आणि तिचं हसू पार मावळलं.

*

प्रोफेसरांच्या खोलीत हातात पुरस्कार घेतलेले त्यांचेच नऊ-दहा फोटो होते. देस बसली नाही.

"मुलीत तेच सापडणार, प्रोफ. ती त्या आईची मुलगी आहे. बदललंय ते काहीच नाही. तुम्ही फक्त परक्या बाईच्या रक्ताशी ताडून बघितलंत."

"परक्या?" प्रोफेसर खुर्चीत मागे टेकले. "नुरबाइती परक्या? तुमच्याच घरातल्या ना त्या, बू?"

"एर्माच्या आणि आमच्या घराची मूळ आई एक नाही, एवढंच या तक्त्यात दिसतंय. कुळात बाहेरून कुणीतरी दाखल झालेलं असणार. गावोगाव होतं हे."

होतं खरं. बाहेरून आलेल्या माणसाला कुळात यायचं असेल तर म्हैस कापायची, गावाला जेवण घालायचं. उद्यापासून तो कुळातला. त्यानंतर त्याला उपरा म्हणायची कुणाला सोय नाही, आणि विसरायचीही कुणाची तयारी नाही. तीन पिढ्यांनंतरही नातवंडांच्या पानात मांसाचा तुकडा उशिरा पडतो तो याच कारणाने. देसच्या गावात एर्माचं घर असं उपरं मानत. उघड कुणी बोलत नसे. फक्त एर्माच्या घरच्या बायका कार्याला आल्या की त्यांना थेट चुलीपाशी पाठवत, आणि त्या जात.

"मग जा ना गावात," प्रोफेसर म्हणाले, "आणि सांगा की एर्मा तुमच्या कुळातली नव्हती. जमीन कुणाची, घर कुणाचं, सगळ्यावर कोर्टकचेऱ्या सुरू होतील. मी शल्यविशारद आहे, माझ्या मानेवर कुळाचे मानकरी बसवून घ्यायची मला हौस नाही. त्या मुलीची संमती आहे. आई चव्वेचाळिसाव्या वर्षी गेली तिची."

"मग आईकडून खरंच धोका येतो त्या जनुकांची तपासणी करा ना! ती जनुकं दुसरीच असतात, जगभर सगळे तीच तपासतात. तीन आठवड्यांत जकार्ताहून उत्तर येतं. ती केलीत का तुम्ही?"

"ती सगळेच करतात," प्रोफेसर म्हणाले. "त्यात नवीन काय?"

देसने त्यांच्याकडे बघितलं. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असायला जेवढा विचार करावा लागतो तेवढाही त्याने केला नव्हता. तिला त्याची किळस आली आणि ती दार न लावता बाहेर पडली.

*

विल्दा बुकिटिंगीला जाणाऱ्या गाड्यांच्या बुकिंगच्या टपरीवजा ऑफिसात बसायची. देस गेली तेव्हा ती एका म्हाताऱ्याला समजावत होती की कोंबडा मांडीवर घेऊन गाडीत बसता येणार नाही. म्हातारा गेला, मग ती म्हणाली, "उनी, तुम्ही? इकडे?"

उनी म्हणजे थोरली बहीण. कुळातल्या वयाने मोठ्या बाईला असंच म्हणत. पण देस या ऑफिसात पहिल्यांदाच आली होती, आणि एर्माच्या आजारपणात ती वॉर्डाच्या दारापर्यंतच जायची, हेही दोघींना आठवत होतं.

"बुधवारी जाऊ नकोस," देस म्हणाली. आडवळणाने बोलणं तिला कधी जमलंच नव्हतं. "तुला काहीही झालेलं नाही. प्रोफेसरला अक्कल नाही. त्याने तुझ्या आईच्या गाठीची तुलना मातुओंच्या रक्ताशी केली. आता तुमचं आणि आमचं रक्त एक नाहीच, त्याला तू काय करणार? ते दोन वेगळ्या आयांचे वंश आहेत. जे वेगळं दिसलं त्याला तो कर्करोग समजून बसला."

विल्दाने काउंटरवरचं तिकिटांचं पुस्तक मिटलं.

"झालं सांगून?"

"विल्दा, तू नीट ऐक..."

"नीटच ऐकलं. आयुष्यभर हेच नीट ऐकत आलो आम्ही. पण तोंडावर कुणी म्हणत नव्हतं. तुम्ही निदान तेवढं केलंत." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "आई मेली तेव्हा तुमच्या मातुओ म्हणाल्या, पुढच्या घरातून जनाजा काढायची गरज नाही. मागून काढला. आणि आता पेपरात छापून आलंय, हाजाह नुरबाइती यांच्या रक्ताच्या नात्यातली. प्रोफेसरच्या तोंडून. फोटोसकट. तर लगेच तुम्ही धावत आलात, की नाही गं बाई, तू आमची नाहीस!"

"मी तुझं शरीर वाचवायला आलेय!"

"तुम्ही कधी कुणाला काही वाचवायला गेल्याचं मी ऐकलं नाही. तुम्ही लोकांना ते किती मूर्ख आहेत हे सांगायला जाता." तिने ओढणीरुमाल सारखा केला. "आईचं शेवटचं काय झालं ते मी बघितलंय, उनी. मलमपट्टी मी करत होते. मला घाण वासाची भीती वाटते. कापून टाकलं की भीतीही जाईल, आणि कुणी म्हणणार नाही की आम्ही त्या घरातल्या नाही. पेपरात तरी रक्त एक आहे ना आमचं तुमचं? जा आता. गाडी सुटायची वेळ झाली."

गाडी सुटायची वेळ झाली नव्हती. देस बाहेर येऊन उन्हात उभी राहिली. मुलगी मूर्ख आहे, असं म्हणून मोकळं व्हायला तिला फार आवडलं असतं. पण तिने स्वतः मोजक्या वाक्यांत एक खरी गोष्ट अशी सांगितली होती की ऐकणारीच्या कानात फक्त जुनी शिवी पडली. खोटं बोलणाऱ्या प्रोफेसरने त्या मुलीला घरात घेतलं होतं, आणि खरं बोलणाऱ्या देसने तिला पुन्हा एकदा मागच्या दाराने बाहेर काढलं होतं.

*

सोलोकच्या रस्त्यावर मातुओ नुरबाइतींची खानावळ होती. ट्रकवाले, बसवाले, सरकारी गाड्या, सगळे तिथे थांबत. म्हातारी सत्तरी ओलांडूनही गल्ल्यावर ताठ बसायची आणि काचेच्या कपाटातल्या रेंदांगच्या, मसाल्यात आटवलेल्या मांसाच्या, थाळीपासून गिऱ्हाइकाच्या चपलांपर्यंत सगळ्यावर तिची नजर असायची. गावातल्या प्रत्येक घराची लायकी तिला तोंडपाठ होती. कोण कुठून आलं, कुणाच्या आजीला कुणी उचलून आणलं, कुणाच्या म्हशीचं जेवण कमी पडलं होतं. गिऱ्हाईक नसलं की हाच तिचा विरंगुळा.

"वाळलीस," देसला बघून ती म्हणाली. "प्रयोगशाळेत उंदरांचं खाणं खातेस का?"

"मातुओ, तुम्ही एर्मासाठी रक्त कशाला दिलंत?"

"कशाला म्हणजे? डॉक्टर आले, म्हणाले, घरातली ज्येष्ठ बाई पाहिजे. मी असताना काय एर्माच्या मावशीला सुई टोचायची? ती ज्येष्ठ?" तिने नाक मुरडलं. "आणि पेपरवाला होता बरोबर."

देस शेजारच्या स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं. तीस बदल, दोन वंश, बुधवार. म्हातारी ऐकता ऐकता ताटल्या पुसत होती. मध्येच तिचा हात थांबला.

"हे असं रक्तात दिसतं?"

"स्वच्छ दिसतं. तुमचं आणि एर्माचं मूळ एक नाही."

"ते सगळं गाव जाणतं." हात पुन्हा फिरू लागला, पण ताटली तीच होती. "आणि आधी कोण आलं, मागून कोण आलं... तेही दिसतं?"

"नुसत्या दोघींच्या रक्तात नाही दिसत. पण वरच्या जुन्या गावात आपल्या कुळाची मूळ घरं आहेत, त्यांचं रक्त घेतलं तर कळेल. ज्यांचं जुळेल ते मूळचे."

"कशाला ते?"

"तेच म्हणते मी, कशाला? तुम्ही विल्दाला जवळ घ्या आणि सांगा की बाहेरून आलेलं असण्यात काही कमीपणा नाही, कुळ कुळच असतं. तुमच्या तोंडून ऐकलं तर तिला..."

"वरच्या गावात जायचं नाही." म्हातारीचा आवाज एकदम बारीक झाला. "देस, तू वरच्या गावात पाऊल टाकायचं नाहीस. कुणाच्या हातात सुई टोचायची नाही. ऐकतेस ना?"

देसने तिच्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ती या बाईला घाबरणारी माणसं बघत आली होती. हिला घाबरलेली तिने कधी पाहिली नव्हती. ज्याचं घर मूळचं असतं तो मूळ शोधायला कशाला नको म्हणेल? लोकांच्या मूर्खपणाला चटकन हसणाऱ्या देसला हे कळायला बराच वेळ लागला, कारण या वेळी त्यात ती स्वतः होती.

"मातुओ. बाहेरून आपण आलो."

"हळू बोल. आचारी ऐकेल."

"आपण आलो?"

"माझी आजी आली," म्हातारी ताटल्यांकडे बघत म्हणाली. "निआस बेटावरून. पाडांगच्या एका व्यापाऱ्याने कामाला आणली होती, त्याने टाकली. पोटात माझी आई. एर्माच्या पणजीने तिला घरात घेतली, स्वतःची म्हैस कापली, बहीण म्हणवली. पुढे आमच्या हाताला यश आलं, त्यांच्या नाही आलं. ज्यांना आठवत होतं त्या म्हाताऱ्या मेल्या. मग कुणीतरी एकदा उलटं बोललं आणि मी दुरुस्त केलं नाही. एवढंच केलं मी. काही केलं नाही."

तेवढ्यात एक ट्रकवाला पैसे द्यायला आला. म्हातारीने त्याच्याकडून दोन भाजल्या माशांचे पैसे घेतले, त्याने एकच खाल्ला म्हटल्यावर त्याची हजेरी घेतली आणि पुन्हा देसकडे वळली. तोंडावर नेहमीचा रुबाब परत आला होता.

"उगाच चेहरा करू नकोस. त्या पोरीला सांग, तूच उपरी आहेस, म्हणून तुझं रक्त वेगळं दिसतं. ती वाचेल, आपणही वाचू. त्यांना सवय आहे ऐकायची."

"तेच सांगून आलेय," देस म्हणाली. "तिने मला हाकललं. उपरी म्हणवून घेऊन जिवंत राहण्यापेक्षा तिला तुमची म्हणवून घेऊन कापून घेणं बरं वाटतंय." तिला रडू आलं आणि त्याचा इतका संताप आला की ती उठून उभी राहिली. "एर्माच्या पणजीने तुमच्या आजीला चुलीपाशी बसवली नसेल. आणि तुम्ही त्यांना बसवलंत. मीही बसवलं. बुधवारी सकाळी मी विल्दाला जाऊन खरं काय ते सांगणार. तुम्हाला यायचं तर या."

"मी येणार नाही. देस! तू गेलीस तर या घराची राख होईल, सांगून ठेवते. घराचा मान, तुझ्या मामाची कुळाच्या मानकऱ्याची पदवी, सगळं. तुझं स्वतःचं काय उरेल?"

देसने आजवर ज्या उंचीवरून सगळ्यांना तुच्छ लेखलं, ती जागा दुसऱ्याच्या मालकीची निघाली होती. ती काही न खाता बसमध्ये बसली.

*

बुधवारी सकाळी विल्दा ऑपरेशनचा हिरवा अंगरखा घालून खाटेवर बसली होती. प्रोफेसरांनी जांभळ्या शाईने तिच्या छातीवर खुणा करून ठेवल्या होत्या. अंगरख्याच्या गळ्यातून त्यांतली एक रेघ दिसत होती. पेपरवाला दाराशी होता. प्रोफेसरांनी देसला बघून तोंड वाकडं केलं.

"बू देस, ही वेळ नाही."

"पाचच मिनिटं. तुमच्यासाठी नाही आले मी." ती खाटेजवळ जाऊन उभी राहिली. "विल्दा, मी परवा चुकीचं सांगितलं. रक्त वेगळं आहे, ते खरंच आहे. पण उपऱ्या तुम्ही नाही. आम्ही आहोत. माझी पणजी निआसहून आली. तुझ्या घराने तिला कुळात घेतली. तू आहेस त्या घराची मूळची. तुझ्यात जे सापडलं ते तुझ्या मूळ घराचं रक्त आहे, बाकी काही नाही. आईचा रोग तुझ्यात आहे का, याची तपासणी अजून कुणी केलेलीच नाही. ती करू. त्यात काही निघालं तर मीच तुला इथे आणून सोडीन. पण आज उठ."

पलीकडच्या खाटेवरच्या बाईने शेजारणीच्या हातातला भाताचा डबा बाजूला सारला, नीट ऐकू यावं म्हणून.

विल्दाने देसच्या डोळ्यांत बघितलं. "उनी, तुम्ही खोटं कधी बोलत नाही, हे मला माहीत आहे. पण आज बोलताय. मला उठवायला."

"नाही गं."

"तुम्ही निआसच्या? तुम्ही? तुमची मातुओ आमच्या हातचं पाणी घेताना पेला धुऊन घेते." ती हसली. "एवढं खोटं नका बोलू. मला वाईट वाटतं तुमचं."

तीस आकडे देसला तोंडपाठ होते, त्यातला एकही इथे कामाचा नव्हता. "आता पुरे," प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी ढकलखाट आणायची खूण केली. विल्दा आपली आपणच तिच्यावर चढून आडवी झाली, आणि खाटेची चाकं फिरली.

दारात मातुओ नुरबाइती उभी होती. हजला जाऊन आल्याचा पांढरा रुमाल, रेशमी कुबाया झगा, खांद्यावर शाल, हातात चामड्याची पर्स, लग्नाला निघाल्यासारखी. मागे गाडीचा ड्रायव्हर. ती देसचं तोंड बंद करायला आली होती की आणखी कशाला, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं, आणि खानावळीपासून इथपर्यंतच्या रस्त्यात ते तिचं तिला तरी ठरलं होतं की नाही कोण जाणे. प्रोफेसर वाकून पुढे झाले, आईला हाक मारावी तसे. "बुंदो! तुम्ही आशीर्वाद द्यायला आलात. पेपरवाले, इकडे या."

म्हातारीने त्यांच्याकडे बघितलंही नाही. ढकलखाट दारात अडकली होती, कारण ती दारातून हलत नव्हती.

विल्दा कोपरावर उठली. "मातुओ, उनी देस म्हणतात ते खरं?"

म्हातारी त्या पोरीच्या गळ्याजवळच्या जांभळ्या रेघेकडे बघत राहिली. पलीकडच्या खाटेवरची बाई बघत होती, परिचारिका बघत होत्या, पेपरवाल्याने कॅमेरा वर धरला होता. गावात जाऊन पोचायला या बातमीला दुपारसुद्धा लागली नसती. देसला वाटलं, ही आता हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही, अशीच उभी राहील आणि शेवटी बाजूला होईल. आयुष्यभर तिने तेच केलं होतं.

मातुओ नुरबाइतीने खांद्यावरची शाल काढली आणि विल्दाच्या अंगावर फेकली, जवळजवळ मारल्यासारखी.

"उठ," ती म्हणाली. "कपडे घाल. मूळ घरच्या पोरी अशा चारचौघांत उघड्या पडून राहत नाहीत. हे मी तुला शिकवायचं? मी?"